भिवाजी खवसेची जोडलेली सायकल

भिवाजी खवसे नारळ घेताना तो आधी कानाशी धरून हलवायचा, मग दुकानदाराच्या चेहऱ्याकडे पाहायचा आणि मग दुसरा नारळ मागायचा. पहिल्यात काही खोट असायची असं नव्हतं. दुकानदारानं तो स्वतःहून पुढे केला होता, एवढं कारण त्याला पुरे असे.

त्याचा धंदाच तसा होता. पांढुर्णा आणि सौंसरच्या भागात संत्र्याचा बगीचा फळ हिरवं असतानाच विकला जातो. झाडावर किती फळ आहे ते मालकाला नक्की माहीत नसतं, व्यापाऱ्यालाही नसतं, आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास नसतो. म्हणून तिसरा माणूस बोलावतात. तो झाडांमधून फिरतो आणि शेवटी एक आकडा सांगतो. त्या आकड्यावर सौदा होतो. या माणसाला आमच्याकडे पाहणारा म्हणत. भिवाजी पाहणारा होता. त्याच्या आधी त्याचा मामा पाहणारा होता.

मामानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. आकडा एकदाच सांगायचा, आणि तो कसा काढला हे कोणाला सांगायचं नाही. आकडा ऐकून मालक आणि व्यापारी दोघंही कुरकुरले की समजायचं, बरोबर आहे.

भिवाजीला शेत नव्हतं, दुकान नव्हतं, घरात तराजूही नव्हता. त्याच्याकडे जे होतं ते एवढंच, की त्यानं सांगितलेला आकडा दोन्हीकडची माणसं मानत. ते मानणं गेलं तर त्याच्यापाशी काही उरणार नव्हतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून तो कोणाच्या ओसरीवर फार वेळ बसत नसे. बाप पांढुर्ण्याचा, आई जाम नदीपलीकडच्या सावरगावची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला दोन्ही काठांवर लोक गोटे घेऊन उभे राहत आणि लहान भिवाजीला दोन्ही काठ विचारत, तू कोणाकडून. तो घरात बसून राही. घरात बसणाऱ्याकडे दोन्ही काठ वाकडे पाहतात हेही त्याला तेव्हाच कळलं होतं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात रामाकोन्याच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावर त्याची सायकल मोडली. हँडलखालची नळी जिथे फ्रेमला जोडलेली असते तिथे तडा गेला आणि पुढचं चाक त्याला सोडून एकटंच खाली गेलं. गुडघे फुटले. सायकल खांद्यावर टाकून तो सडकेपर्यंत आला, बसच्या टपावर ती चढवली आणि पांढुर्ण्याला उतरला.

पाहणाऱ्याला सायकलीवाचून चालत नाही. सडकेवर बस आहे, पण बगीचे आता वर सरकले होते. खालच्या काळ्या जमिनीत कापूस राहिला होता आणि नवी संत्री उतारावर, मुरमाड जमिनीत लागत होती. तिथे जायला बैलगाडीची चाकोरी आणि दगड. व्यापाऱ्याच्या जीपमधून जाता आलं असतं. मालकाच्या फटफटीवर मागे बसून जाता आलं असतं. पण पाहणारा ज्याच्या गाडीतून उतरतो त्याचाच आकडा बोलतो, अशी सगळ्यांची समजूत होती. भिवाजीचीही होती. दुसऱ्या कोणाला जीपमधून उतरताना पाहिलं असतं तर त्यालाही तेच वाटलं असतं.

मनोहरसेठला सायकल मोडल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. मनोहरसेठ पांढुर्ण्याचा संत्र्याचा मोठा व्यापारी. बारीक आवाजाचा, समोरच्याच्या छातीकडे पाहून बोलणारा माणूस. त्यानं भिवाजीला गोदामात नेलं. पेट्यांच्या ढिगामागे एक सायकल उभी होती. तशी सायकल पांढुर्ण्यात कोणी पाहिली नव्हती. जाड, खडबडीत टायर. आडवं, सरळ हँडल. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही.

"पुतण्यानं नागपुरात घेतली," सेठ म्हणाला. "डोंगरावर चालाची सायकल म्हणते हिले. दोन दिवस चालवली अन् आता फटफटी मागून राहिला. तू घेऊन जाय. पैसे जमतीन तसे दे."

भिवाजी सायकलीभोवती फिरला. टायर दाबून पाहिला. वाकून खालून पाहिलं.

"पाऊस आला तं चिखल पाठीवर उडन," तो म्हणाला.

"मडगार्ड लाव न बावा."

"छत्री कुठी बांधू?"

"अरे, कॅरिअर लाव."

"मंग हे तयार कशी? हे तं अर्धीच आहे."

सेठ हसला. "भिवाजी, तुले फुकट सोनं देलं तं तू त्याचा बी वास घेशीन."

"फुकट नको," भिवाजी म्हणाला. "इचार करतो."

घरी त्याची बायको शांता भाकरी थापत होती. तिला गोदामातली सायकल त्याच्या आधीच कळली होती. पांढुर्ण्यात तसंच असतं.

"घ्या न," ती म्हणाली. "उभीच तं आहे. धूळ खाऊन राहिली."

"सेठ धूळ बी फुकट देत नाही."

"मंग पैसे टाका अन् घ्या."

"पैसे टाकले हे तुले दिसन अन् मले दिसन. बगीच्यावाल्याले काय दिसन? सेठच्या गोदामातली सायकल."

शांतानं भाकरी उलटली. "मंग दुकानातली घ्या. अन् नाही तं पायी हिंडा. पण एक काहीतरी करा. दोन दिवसांपासून त्या मोडक्या सायकलकडं असे पाहून राहिले जसं काही तिनंच तुमाले फसवलं."

भिवाजीला मनातून तसंच वाटत होतं. सतरा-अठरा वर्षं ती नळी आतून गंजत होती आणि बाहेरून रंग चकचकीत होता.

रेल्वे फाटकाजवळ गुणवंताचं सायकलचं दुकान होतं. गुणवंता तोंडाळ, गुटगुटीत, हातांना कायम ग्रीस. तो काम चांगलं करी आणि वाईटही करी, गिऱ्हाईक पाहून. भिवाजी त्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला आणि तयार सायकलीची चौकशी करू लागला.

"घ्या न भाऊ. नागपूरवरून पेटी आली का दुसऱ्या दिवशी तुमी सायकलवर."

"पेटी?"

"मंग काय सायकल आपल्या पायानं चालत येते? फ्रेम येगळी येते, रिमा येगळ्या, तारांचा जुडगा येगळा. मी इथं बसून जोडतो."

"म्हणजे तयार सायकल म्हणजे तू जोडलेली सायकल."

"हाव."

"मी नसताना जोडलेली."

"तुमी नसताना सूर्य बी उगवते, भाऊ."

भिवाजी हसला नाही. तयार या शब्दाबद्दल त्याला पहिल्यापासून शंका होती, ती आता पक्की झाली. तयार म्हणजे जे कोणीतरी तुमच्यामागे बंद केलं ते. आत कुठले छर्रे टाकले, हबमध्ये ग्रीस भरलं की नुसतं बोट फिरवलं, तारा सगळ्या नव्या की चार जुन्या मिसळल्या, हे बाहेरून कोणाला दिसणार. सेठची सायकल तयार, दुकानातलीही तयार. दोन्हीत त्याला एकच काळोख दिसला.

"मी जोडीन," तो म्हणाला. "सामान मी आणतो. तू माह्यासमोर लावून दे."

"नवं सामान?"

"जुनं."

गुणवंतानं पाना खाली ठेवला. "जुनं काऊन गा?"

"नव्या लोखंडाची खोट आत असते. जुन्याची जितकी बाहेर याची तितकी येऊन गेलेली असते."

हे त्यानं झाडांवरून शिकलेलं होतं. कलम पाच वर्षं हिरवंगार दिसतं आणि सहाव्या वर्षी खोडातून डिंक गाळायला लागतं. जुनं झाड मात्र जे आहे ते दाखवतं.

तसा तो पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत सामान गोळा करत हिंडला. त्यानं एक नियम केला. एका माणसाकडून एकच वस्तू घ्यायची, रोख घ्यायची आणि ज्याचा संत्र्याशी संबंध आहे त्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही. सावरगावच्या दिलीप दूधवाल्याकडून दोन दांड्यांची जड फ्रेम घेतली. दिलीपनं लुना घेतली होती आणि फ्रेम गोठ्यात टांगलेली होती. सौंसरच्या मुकुंद मास्तरकडून पुढचं चाक धरणारा चिमटा घेतला. मास्तर शाळेपासून दोन घरं सोडून राहत आणि त्यांची सायकल भिंतीला टेकूनच म्हातारी झाली होती. कॅरिअर वसंता भाजीवाल्याचं, रुंद, लोहाराकडून करून घेतलेलं. रिमा छिंदवाड्याच्या बाजारातून. प्रत्येक वस्तू घेण्याआधी तो ती दगडावर हलकेच आपटून आवाज ऐके. तडा गेलेलं लोखंड बद्द वाजतं. मास्तरच्या अंगणात त्यानं तो चिमटा इतक्या वेळा वाजवला की मास्तरांच्या बायकोनं आतून विचारलं, पूजा कोणाकडं आहे म्हणून.

मग तो गुणवंताच्या दुकानात पालथ्या पेटीवर बसला. गुणवंता काम करी आणि भिवाजी त्याच्या हातांकडे पाही. हबचे छर्रे त्यानं स्वतःच्या मुठीत धरले होते आणि तो ते एकेक करून देत होता. चहा आला की तो कप हातात घेई, पण नजर चाकावरून काढत नसे. त्यामुळे चहा धोतरावर सांडे. गुणवंता लघवीला उठला तर भिवाजी सामानावर आपला दुपट्टा पसरी.

"भाऊ," गुणवंता चाकाचा आउट काढता काढता म्हणाला, "पोरीचं लग्न जमवताना बी इतकंच पाह्यलं होतं काय?"

"पाह्यलं होतं."

"मंग?"

"जावई दारू पिते."

गुणवंतानं चाक फिरवून खडू धरला, जिथे रिम खडूला लागली तिथली तार आवळली आणि म्हणाला, "चाक तं सरळ निघालं बाप्पा."

सायकल झाली. जड होती. उतारावर थांबवायला दोन्ही ब्रेक लागत, कॅरिअर वाजत होतं आणि रंग तीन प्रकारचे होते. पण भिवाजी तिच्यावर बसला तेव्हा कितीतरी वर्षांनी त्याला खालच्या वस्तूबद्दल काही विचारायचं राहिलं नव्हतं. दुधाच्या कॅनसाठी केलेली फ्रेम दगडावरून हलत नव्हती. सेठला त्यानं निरोप धाडला, सायकल झाली, तुमची राहू द्या. सेठनं नुसतं बरं म्हटलं. ते बरं भिवाजीला फार छोटं वाटलं.

मग रामाकोन्याहून कलाबाईचं बोलावणं आलं.

कलाबाई साठीची विधवा. नवरा गेल्यावर उतारावरचा चारेकशे झाडांचा बगीचा तिनं एकटीनं वाढवला होता, आणि यंदा हिवाळ्याअखेर फुललेला अंबिया बहार असा धरला होता की सौंसरच्या बस स्टँडवर त्याची गोष्ट निघे. घेणार होता मनोहरसेठ. एवढा मोठा सौदा त्या हंगामात दुसरा नव्हता. पाहणारा म्हणून दोघांनीही भिवाजीचंच नाव घेतलं. या बगीच्यावर त्याचा आकडा मानला गेला तर पुढची कितीतरी वर्षं कोणी दुसरा पाहणारा शोधणार नव्हतं. मानला गेला नाही तर तेही महिनाभरात छिंदवाड्यापर्यंत कळणार होतं.

तो सकाळीच पोचला. सेठची जीप आधीच बांधावर उभी होती. सेठ सावलीत खुर्ची टाकून बसला होता, त्याची दोन माणसं जीपला टेकून उभी होती. कलाबाई डोक्यावर पदर घट्ट ओढून पुढे आली. तिनं भिवाजीकडे पाहिलं नाही, सायकलीकडे पाहिलं.

"नवी घेतली काय भाऊ?"

"जोडली."

ती सायकलीभोवती फिरली. भिवाजी सेठच्या गोदामात जसा फिरला होता अगदी तशीच.

"हा चिमटा मी कुठी पाह्यला बाप्पा. असा वरून चपटा."

"सौंसरच्या मुकुंद मास्तरचा. रोख देऊन घेतला."

"मुकुंद मास्तर म्हणजे सेठचे साडू न?"

भिवाजीच्या लक्षात ते आलं नव्हतं. म्हणजे नातं त्याला माहीत होतं, पण चिमट्याशी त्याचा काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मास्तरकडे संत्र्याचं एक झाड नव्हतं. तेवढंच त्यानं पाहिलं होतं.

"साडू आहेत तं आहेत," सेठ खुर्चीतून म्हणाला. "चिमटा त्याहिनं इकला. मी इकला काय?"

"मी कुठी तसं म्हटलं सेठ? मी आपलं इचारलं."

सेठ उठला. आता तोही सायकलीजवळ आला. "इचारूनच घेऊ मंग. भिवाजी, ह्या दोन दांड्या कोणाच्या?"

"सावरगावच्या दिलीप दूधवाल्याच्या."

"दिलीपची बहीण कोणाकडं देली, कलाबाई?"

"माह्या जावेच्या भावाकडं," कलाबाई शांतपणे म्हणाली. "अन् ती बोलत नाही आमच्याशी."

"बोलत नाही हे तुमी सांगून राहिले. अन् हे कॅरिअर?"

"वसंता भाजीवाल्याचं," भिवाजी म्हणाला.

"तो कोणाच्या वावरात वांगे लावते?"

वसंता कलाबाईच्या खालच्या तुकड्यात वांगी लावायचा हे तिथल्या मजुरांनाही माहीत होतं. ते फावडी टेकून पाहत उभे होते आणि त्यांतल्या एकाला हसू आवरत नव्हतं.

"लोखंड आहे ते," भिवाजी म्हणाला. "लोखंडाले सोयरे असते काय?"

"लोखंडाले नसन," कलाबाई म्हणाली. "पण ते कोणाच्या तरी घरूनच येते न भाऊ. तुमी तं नारळ बी कोणाच्या हातातून आला ते पाहता म्हणे."

भिवाजी बगीच्यात शिरला. तो नेहमी वरच्या ओळीपासून सुरुवात करी आणि खाली उतरत येई. चालताना कोणी सोबत चालायचं नाही असा रिवाज होता. ते बांधावर थांबले. तो झाडांखालून गेला, वर पाहिलं, खाली पाहिलं, हातानं एखादी फांदी उचलून सोडली. सगळं रोजच्यासारखंच. पण तिसऱ्या ओळीत त्याच्या लक्षात आलं की आपण झाड पाहत नाही आहोत. एका झाडावर फळ कमी दिसलं आणि लगेच मनात आलं, हे कमी मला दिसतंय की मास्तरच्या चिमट्याला. पुढच्या झाडावर भरघोस दिसलं तर ते दिलीपच्या फ्रेमला दिसत होतं. आयुष्यात त्यानं सगळ्यांच्या डोळ्यांवर संशय घेतला होता. स्वतःचे डोळे तेवढे वगळले होते, कारण ते वगळल्याशिवाय धंदा करता येत नव्हता.

तरी आकडा आला. नेहमी येई तसाच आला, शेवटच्या ओळीत, कुठून ते न सांगता. बांधावर येऊन तो म्हणाला, "दीड लाख फळाच्या जरा अलीकडं."

दोघांपैकी कोणीही कुरकुरलं नाही.

सेठ मजुरांकडे पाहत होता, कलाबाई जमिनीकडे. मामाच्या काळापासून आकडा बोलला की एक गलका होई. मालक कपाळाला हात लावी, व्यापारी पायातल्या वहाणा झटकून उठे. ती नाटकं होती आणि ती ठरलेली होती. इथे काहीच झालं नाही.

"कसा काढला?" सेठनं विचारलं.

"आजवर कोणी इचारलं नाही, सेठ."

"आजवर तुह्या सायकलमंधी माह्या साडूचा चिमटा नव्हता. उद्या ह्या बाई म्हणतीन, सेठनं आकडा खाली दाबला."

"अन् तुमी म्हणसान, बाईनं वर ओढला," कलाबाई म्हणाली. मग ती भिवाजीकडे वळली. तिचा आवाज मऊ होता. "भाऊ, सेठनं तयार सायकल देली, तुमी घेतली नाही. दुकानातली बी नाही घेतली. एकेक छर्रा हातात धरून लावला म्हणते. खरं आहे न?"

"खरं आहे."

"मंग आमी तुमचा आकडा तयार कायले घ्यावा? आमच्यासमोर जोडून दाखवा."

मजूर आता हसत नव्हते. भिवाजी सायकलीच्या हँडलला धरून उभा राहिला. इथून निघून जाता आलं असतं. निघाला असता तर संध्याकाळी सौंसरला सगळे म्हणाले असते, पकडला गेला. थांबला तर त्याला तोंड उघडावं लागणार होतं. मामा मरताना एवढंच म्हणाला होता, भिवा, सांगत नको जाऊ. बायकोला, पोरीला, कोणालाच त्यानं कधी सांगितलं नव्हतं. पण बाईचं म्हणणं त्याला खोडता येत नव्हतं. तिच्या जागी तो असता तर त्यानंही हेच मागितलं असतं. कदाचित पहिल्याच वर्षी.

"चला," तो म्हणाला.

ते तिघं वरच्या ओळीपाशी गेले. भिवाजी झाडापासून थोडा दूर थांबला.

"आधी वर नाही पाहाचं. आधी खाली पाहाचं." त्यानं एक पडलेलं हिरवं फळ उचललं. "हा देठ वाळला आहे. हे आपलं आपण गळलं. ज्या झाडाखाली असे फळ जास्त, त्या झाडावर अजून गळन. ते आत्ताच वजा करा लागते." दुसऱ्या झाडाखालून त्यानं आणखी एक उचललं. "ह्याचा देठ हिरवा. हे कोणीतरी पाडलं."

"कोणी पाडलं?" कलाबाईनं विचारलं.

भिवाजीनं बांधावरच्या सेठच्या दोन माणसांकडे पाहिलं. सेठनंही पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं.

"बगीचा किडका दिसला पायजे म्हणून पाडते," भिवाजी म्हणाला. "दरवर्षी पाडते. मी ते धरतच नाही."

पुढच्या ओळीत फांद्यांना बांबूचे टेके लावलेले होते. फळानं वाकलेली फांदी मोडू नये म्हणून लावतात. भिवाजीनं एक टेका काढला. फांदी हललीही नाही.

"इच्यावर वजनच नाही," सेठ म्हणाला. "मंग टेका कायले?"

आता कलाबाई दुसरीकडे पाहू लागली.

"लांबून पाहणाऱ्याले वाटते, झाड भरलं आहे," भिवाजी म्हणाला. "म्हणून टेका कधी मोजाचा नाही. फांदी उचलाची अन् सोडाची. किती येळ हलते त्यावरून समजते."

असं ते ओळीमागून ओळ फिरले. तो सांगे आणि ते दोघं करून पाहत. सुरुवातीला भिवाजी तुटक बोलत होता. मग बोलता बोलता त्याच्याही नकळत शब्द सुटे होत गेले. दक्षिणेकडची फांदी कशी फसवते, आतल्या पोटातलं फळ सावलीवरून कसं ओळखायचं, कोळशी रोगानं काळ्या पडलेल्या पानाआड फळ नाही असं वाटतं पण असतं. कित्येक गोष्टी आपल्याला माहीत आहेत हे त्यालाही बोलल्यावरच कळत होतं. कलाबाई फांदी उचलून सोडायला फार लवकर शिकली. सेठ देठ पाहत होता. एका झाडावर दोघंही कचाकचा भांडले, आणि भिवाजीला विचारण्याऐवजी त्यांनी तेच झाड पुन्हा पाहिलं आणि आपसात मिटवून टाकलं.

दुपार कलली तेव्हा ते शेवटच्या ओळीत आले. तिघांनी मिळून केलेली बेरीज भिवाजीच्या आकड्याच्या अगदी जवळ पडली. त्याला वाटलं, कोणीतरी ते बोलून दाखवेल. सेठ आणि कलाबाई बेरजेवर सौदा करत होते. सकाळी त्यानं एक आकडा सांगितला होता हे बहुतेक त्यांच्या लक्षातही नव्हतं. सौदा पटला. कलाबाईनं त्याच्या हातावर त्याची ठरलेली रक्कम ठेवली. सेठनं जीपमध्ये चल म्हटलं. तो नको म्हणाला आणि सायकल घेऊन निघाला.

ती उतारावर चांगली चालली. कुठेही हलली नाही.

त्याच्यावर कोणी ठपका ठेवला नाही. उलट रामाकोन्यात आणि सौंसरला लोक म्हणू लागले, भिवाजी सच्चा माणूस, सगळं उघडं करून दाखवतो. त्या हंगामात त्याला आणखी दोन बोलावणी आली. दोन्ही ठिकाणी त्याला आकडा विचारला नाही. सोबत फिरा म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी तर मालकाचा जावई पुढे पुढे चालत फांद्या उचलून सोडत होता, आणि भिवाजी मागून चालत होता. पुढच्या वर्षी मनोहरसेठनं सगळे बगीचे स्वतः पाहिले. भिवाजी सेठच्याच एका ओळखीच्याकडे कापसाच्या गाड्या उतरवून घ्यायच्या कामावर लागला. शांताला ते बरं वाटलं. घरी येतो तरी वेळेवर, ती म्हणे.

तो मात्र त्या दिवसाकडे परत परत जात असे. कापसाच्या ढिगाशी बसून तो एकेक वाक्य उचलून वाजवून पाही. चिमटा आधी कलाबाईनं ओळखला. दांड्यांचं सेठनं विचारलं. जणू वाटून घेतलं होतं. मुकुंद मास्तरचा चिमटा खरंच वरून चपटा होता का, की तिला आधी कोणी सांगितलं होतं. आणि ती कुरकुर. दोघांपैकी एकानंही का केली नाही. सेठला आणि कलाबाईला दरवर्षी पाहणारा लागणार, दरवर्षी त्याला काही द्यावं लागणार, आणि तो काय पाहतो हे मरेपर्यंत कळणार नाही. दोन वैरी एका बाजूला यायला एवढं कारण पुरतं. नाहीतर यातलं काहीच नसेल, आणि त्या दिवशी त्या दोघांना खरंच साध्या चिमट्याची भीती वाटली असेल. हे दुसरं त्याला जास्त अवघड जाई.

एकोणनव्वदच्या शेवटी सौंसरच्या बस स्टँडवर त्याला कलाबाई भेटली. नागपूरला निघाली होती, डोळे दाखवायला. तो मालकाच्या कामानं आला होता, सायकल हातात होती.

"कसं काय भाऊ, बरं चालून राहिलं न?"

"चालून राहिलं. यंदा बगीचा कोणी पाह्यला?"

"मीच पाह्यला. येते आता आमाले." ती हसली. "तुमीच तं शिकवलं."

भिवाजीनं सायकल स्टँडवर लावली. आजूबाजूला पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "कलाबाई, एक इचारू? त्या दिवशी तुमाले खरंच वाटलं होतं काय, का मी मास्तरच्या चिमट्यापाई सेठचा झालो?"

कलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एक डोळा तिचा पांढरट झाला होता आणि दुसरा काय म्हणतो ते त्याला समजलं नाही.

"वाटलं बी, अन् नाही बी वाटलं," ती म्हणाली. "पण इचारून पाहाले काय जाते?"

नागपूरची बस लागली. तिनं पिशवी उचलली, दांड्याला धरून वर चढली आणि खिडकीपाशी बसली. भिवाजी खाली उभाच होता. सेठचं नाव तिनं घेतलं नव्हतं. सेठशी तिचं आधी काही ठरलं होतं का, तेवढंच विचारायला तो खिडकीजवळ गेला, पण तिनं आधीच मान बाहेर काढली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "मनोहरसेठ बी तुमच्याबद्दल इचारत होते, भिवाजी अजून तसाच आहे काय म्हणून."

"कधी?"

बस निघाली होती. ती काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू आलं ते सोमवारी, किंवा दर सोमवारी.